'इतर'च्या रकान्यातली रेघ

आमच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजायला गेलात, तर सिस्टर तुम्हाला ड्रेसिंगच्या खोलीत नेतील. दार लोटतील, पण कडी लावणार नाहीत. स्टुलावर बसवून दंडाला पट्टा गुंडाळतील, हवा भरतील, सोडतील, आकडा लिहितील. मग पेन खाली ठेवतील आणि विचारतील, "तंबाखू, दारू, गांजा, यातलं काही घेता का? मी सगळ्यांना विचारते. औषध देताना उपयोगी पडतं."

एवढंच. आवाज चढत नाही की पडत नाही. गांजा हा शब्द तंबाखूपेक्षा तसूभरही जड होत नाही. निवृत्त मुख्याध्यापकांना हे विचारतात आणि लग्नाला आलेल्या मुलीलाही विचारतात. मुख्याध्यापक पहिल्यांदा लालबुंद झाले होते म्हणे. दुसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःच सांगितलं, "तिन्ही नाही. लिहा."

हे वाक्य मी बसवलं आहे. माझी चाळीस वर्षं नाटकात गेली. बाविसाव्या वर्षी मी आई झाले ती रंगमंचावर, कारण चेहराच तसा होता. नायिका व्हायचं राहून गेलं, पण नायकांच्या तीन पिढ्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून मेल्या. एवढं सगळं करून माझी शेवटची तालीम झाली ती एका नर्सबरोबर, तीही एकाच वाक्याची. त्या वाक्यामागे एक माणूस उभा आहे. तो काही केल्या तिथून हलत नाही.

आधी सिस्टरांबद्दल सांगते. वय पन्नाशीच्या पुढे, उंच, पायात कॅन्व्हासचे बूट, कारण दिवसभर उभं राहून पिंडऱ्यांच्या शिरा फुगल्या आहेत. नवरा घड्याळं दुरुस्त करतो आणि घरात बोलत नाही, सिस्टर म्हणतात, "त्यांची टिकटिक दुकानातच संपते." वडील नकाशे काढायच्या कचेरीत होते. त्यांची लाकडी फूटपट्टी सिस्टर केंद्रात घेऊन येतात. जिभेला धार आहे आणि काट्यावर उभं राहायच्या आधीच वजन ओळखतात. मला एकदा म्हणाल्या, "मावशी, हा अर्धा किलो कुणाचा उचलून आणलात?"

केंद्रातल्या रजिस्टरमध्ये रकाने असतात: वजन, रक्तदाब, साखर, तंबाखू, दारू, आणि अगदी शेवटी एक अरुंद रकाना, 'इतर'. पूर्वी सिस्टर रोज सकाळी दार उघडायच्या आधी नवं पान काढायच्या, फूटपट्टी लावायच्या आणि 'इतर'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढायच्या. चोवीस ओळी, चोवीस पेशंट, सगळ्यांचं उत्तर तयार: नाही. त्यांना शिकवणाऱ्या जुन्या सिस्टरनीच सांगितलं होतं, "ती रेघ आधीच मारून ठेव, बाळ. वेळ वाचतो." वेळ खरंच वाचायचा. रांग मोठी आणि माणसं ओळखीची. तंबाखू बोटांवर दिसते, दारू श्वासाला येते, आणि 'इतर'वाले आपल्याकडे येत नाहीत, असा सगळा हिशेब होता. सत्तावीस वर्षं तो हिशेब चुकला नाही, किंवा चुकला तरी कुणाला दिसला नाही.

आता तो माणूस.

आमच्या कंपनीत एक प्रॉम्प्टर होता. विंगेत, पडद्याच्या घडीत उभा राहून तो आम्हाला विसरलेली वाक्यं पुरवायचा. त्याला आम्ही पुटपुटे म्हणायचो. खरं आडनाव निम्म्या कंपनीला ठाऊक नव्हतं. त्याचा आवाज ही एक करामतच होती. मंचावर सहा जण असले तरी ज्याचं वाक्य अडलंय त्याच्याच कानात तो पोचायचा, पहिल्या रांगेला पत्ता लागायचा नाही. मला तो आईसाहेब म्हणायचा. माझ्याहून फक्त दोन वर्षांनी लहान, पण म्हणायचा, "तुम्ही जन्मजात आई, आईसाहेब. आम्ही नंतर झालो."

पुटपुटे गांजा ओढायचा. प्रयोग संपला की मागच्या जिन्यावर, रोज, बिनचूक. त्यापायी कधी वाक्य हुकलं नाही, कधी कुणाशी भांडण झालं नाही. आम्ही ते त्याचं वाईट मानलं नाही आणि फार मोठं गुपितही मानलं नाही. फक्त बाहेरच्या माणसापुढे त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा कंपनीचा न लिहिलेला नियम होता. घरचं घरात.

कंपनी बंद पडली तेव्हा तो एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागला. केंद्रापासून दोन गल्ल्यांवर विधवा थोरल्या बहिणीकडे राहायचा. जिना गेला, चिलीम राहिली.

चार वर्षांपूर्वी त्याला उलट्या सुरू झाल्या. दोन-तीन दिवस पाणीही पोटात ठरायचं नाही, मग तीन आठवडे काही नाही, मग पुन्हा तेच. आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या, पातळ औषध झालं, दूध बंद झालं, दूध पुन्हा सुरू झालं. पोट शांत व्हावं म्हणून तो चिलीम जास्तच ओढायला लागला. हे मला माहीत होतं. तिसऱ्या खेपेला मी त्याच्याबरोबर केंद्रात गेले.

तेव्हा सिस्टरांचं टेबल बाहेर, लांब व्हरांड्यात असायचं. पेशंटांचा बाक इतका जवळ, की एकाची साखर सगळ्यांना कळायची.

"काय पुटपुटे, वजन कुठे ठेवून आलात?"

"प्रुफात गाळलं," तो म्हणाला. "दिवसभर लोकांचं जादा काढून टाकतो, हात बसलाय."

"जेवण जातं का?"

"जातं. राहत नाही."

"मग करता काय?"

"गरम पाण्याच्या नळाखाली बसतो. तेवढा वेळ बरं वाटतं. कधी तासभर, कधी दोन तास. कातडी लाल होते, पण पोट गप्प बसतं."

सिस्टर हसल्या. "मग न्हाणीघरातच बिऱ्हाड करा. बहिणीला म्हणावं, ताट तिकडेच दे."

अख्खा बाक हसला. पुटपुटेही हसला. मीही हसले, हे लिहायला हवं.

सिस्टरांनी वजनाचा आकडा लिहिला आणि त्या क्षणभर थांबल्या. काहीतरी त्यांना खटकलं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "मावशी, यांना कसलं व्यसन तर नाही ना?"

माझ्या पाठीमागे बाकावर पाच माणसं होती. त्यातला एक छापखान्याच्या मालकाचा मेहुणा.

मी म्हणाले, "छे हो. सुपारीचं खांडसुद्धा नाही."

कपाळावर किंचित आठी, शेवटी हलकं हसू. चाळीस वर्षांत इतकं सहज वाक्य मी टाकलं नव्हतं. सिस्टरांना पेन हलवावंच लागलं नाही. 'इतर'मध्ये रेघ सकाळीच ओढलेली होती, पुटपुटेच्या ओळीवरून खाली गेलेली.

बाहेर पडताना तो माझ्या कानाशी पुटपुटला, "छान टाकलंत, आईसाहेब. पुरवावं लागलं नाही."

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी सकाळी साडेनऊला त्याची बहीण अनवाणी केंद्रात आली. डॉक्टर बैठकीला गेले होते. सिस्टर तिच्याबरोबर धावल्या. शेजाऱ्यांनी न्हाणीघराचं दार उचकटलं होतं, पण आत जायला कुणी धजत नव्हतं. वाफेनं काही दिसत नव्हतं. सिस्टर आत गेल्या आणि आधी नळ बंद केला. त्यात हात भाजला. नळ बंद झाल्यावर, त्या म्हणतात, जी शांतता झाली ती त्यांनी आजवर कुठल्याच मृत्यूत ऐकली नव्हती. पुटपुटे भिंतीला टेकून बसला होता. अंगातलं पाणी आणि क्षार संपले आणि हृदयानं दगा दिला, असं डॉक्टर नंतर म्हणाले. एवढ्या उलट्या कशामुळे, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मी मयताला गेले. रडले नाही. रडायचं कसं ते मला फार चांगलं येतं, म्हणूनच रडले नाही.

सात महिन्यांनी सिस्टरांना एका प्रशिक्षणाला पाठवलं. वक्त्या डॉक्टरीणबाई कंटाळवाण्या होत्या, जेवणानंतरची वेळ होती, निम्मी खोली पेंगत होती. पडद्यावर एक चित्र आलं आणि बाई म्हणाल्या, वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणाऱ्या काही जणांना असं होतं: पुन्हा पुन्हा उलट्या, आणि गरम पाण्याखाली बसलं की तेवढ्यापुरता आराम. पेशंट ही गरम पाण्याची गोष्ट स्वतःच सांगतो, फक्त ऐकायला हवी. ओढणं सोडलं की आजार जातो. नाही सोडलं तर जीवही जाऊ शकतो. म्हणून विचारा.

सिस्टर उठून बाहेर गेल्या. परत केंद्रात आल्या त्या थेट कपाटाकडे. जुनं रजिस्टर काढलं, ते पान काढलं. सातवी ओळ. रेघ इतकी सरळ होती की वडिलांनी पाठ थोपटली असती.

तेव्हापासून त्यांनी रेघ मारणं बंद केलं. पण प्रश्न काही विचारता येईना. रकाना रिकामा राहायला लागला, चोवीस रिकाम्या ओळी रोज. लसींच्या गोदामात एक जागा होती. तिथे थंड खोकी मोजायची, माणसाशी बोलायचं नाही. त्या जागेसाठी त्यांनी बदलीचा अर्ज लिहिला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. महिनाअखेरीस द्यायचा होता. घरी त्यांनी गरम पाण्यानं अंघोळ करणं सोडलं होतं. नवऱ्यानं विचारलं नाही.

असल्या एका दुपारी त्या माझ्या दारात आल्या. हातात फळं नव्हती, रक्तदाबाचं यंत्र नव्हतं. प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं त्यांनी उंबऱ्यातच सांगितलं.

"मावशी, मला एक वाक्य म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाटकातल्या. शिकवाल का? नाही जमलं तर अर्ज देऊन टाकते."

मला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा. मी त्यांना आत घेतलं. खुर्च्या समोरासमोर मांडल्या.

तालमीत मी सगळ्यांना अगं-तुगं करते, सिस्टरनाही केलं. पहिल्यांदा तिनं ते वाक्य पोलिसासारखं म्हटलं. दुसऱ्यांदा सासूसारखं. तिसऱ्यांदा इतकं गोड, की मला वाटलं आता ही मलाच पुडी विकणार.

"अगं, पाय धुतलेस का, असं विचार," मी म्हणाले. "उत्तर काहीही आलं तरी तुझं काही जाणार नाहीये. आणि पेन खाली ठेव. पेन हातात असलं की माणूस जबानी देतो, बोलत नाही."

"मग?"

"मग थांब. वाट बघ. पण दारात उभं राहून पाहुण्याची बघतात तशी नको. चहाला उकळी यायची बघतात तशी."

आठवडाभर रोज दुपारी केंद्र बंद झालं की ती यायची. तंबाखू ठीक, दारू ठीक, आणि तिसऱ्या शब्दाला तिची मान माझ्या न्हाणीघराकडे वळायची.

"तुमचा नळ चालू आहे का हो?"

"नाही."

"बघून येता का?"

मी बघून यायचे. नळ बंद असायचा. पाचव्या दिवशी मी गेले, नळ बंद होता, आणि तिथे उभी असताना माझ्या कानाशी कुणीतरी पुटपुटल्यासारखं झालं. शब्द कळले नाहीत. अडलेलं वाक्य होतं, एवढं कळलं, आणि ते माझं होतं.

परत येऊन बसले. म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, यांना व्यसन नाही ना. मी छे म्हणाले. मला माहीत होतं. तीस वर्षं माहीत होतं."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. तेवढी शिस्त होती.

"बाकावर लोक होते," त्या म्हणाल्या. "आणि मी 'नाही ना' म्हणून विचारलं. तुम्ही काय होय म्हणणार होतात?"

मग पर्स उघडून त्यांनी रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. ती मातीची चिलीम होती, तोंडाशी काळी पडलेली. मी ती हजार वेळा पाहिली होती.

"साबणाच्या कोनाड्यात होती," त्या म्हणाल्या. "नळ बंद करताना दिसली. बाहेर सगळी गल्ली उभी होती. मी खिशात घातली. डॉक्टरांनाही दाखवली नाही. वाटलं, गेलेल्या माणसाचा मान राखावा."

"दोघींनी मिळून राखला," मी म्हणाले.

सिस्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. चिलीम तिथेच होती. मला वाटलं, आता उठतील, अर्ज देतील, माझं तोंड पुन्हा बघणार नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"पुन्हा म्हणते," त्या म्हणाल्या. "मान वळली तर टोका."

त्या दिवशी मान वळली, पण वाक्य पूर्ण झालं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी टेबल व्हरांड्यातून उचललं. बाकाला ऐकू जाणार नाही अशी केंद्रात एकच खोली होती, ड्रेसिंगची. तिथे जखमा धुवायचं सिंक आहे आणि त्याचा नळ गळतो. तीन वेळा दुरुस्त झाला, तरी गळतो. सिस्टर त्या नळाकडे पाठ करून बसत नाहीत. म्हणतात, समोर दिसलेला बरा.

यापुढचं सिस्टरांनी मला सांगितलेलं नाही. पेशंटच्या बाबतीत त्यांच्या तोंडून ब्र निघत नाही. हे मला त्या पेशंटनंच सांगितलं, बसच्या ड्रायव्हरनं, जो मला थांब्यापुढे चार पावलं आणून दारात उतरवतो. म्हणाला, "लिहा की. फक्त नाव नका घालू, मालक वाचत नाही पण मालकीण वाचते."

त्याला पाच महिने उलट्या होत होत्या. सिस्टरांनी नेहमीचं वाक्य विचारलं. तो म्हणाला, नाही. ड्रायव्हर काय होय म्हणणार?

"बरं," सिस्टर म्हणाल्या. पेन उचललं नाही.

"मी नळाचे थेंब मोजत बसलो," तो मला सांगत होता. "नऊपर्यंत आलो असेन. तेवढ्यात त्यांनी विचारलं, गरम पाण्याखाली बसलं की बरं वाटतं का? मावशी, माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, ही बाई माझ्या न्हाणीघरात शिरली कशी? बायकोलाही मी पाठदुखी सांगत होतो."

"मग?"

"मग विचारलं, लायसन्स जाईल का. त्या म्हणाल्या, खोटं सांगणार नाही. घेऊन बस चालवत असाल तर मी आणि डॉक्टर गप्प बसणार नाही. पण हे रजिस्टर तुमच्या मालकाकडे जात नाही. मी म्हटलं, ड्युटी संपल्यावर घेतो, अकरा वर्षं रोज. आधी रजा टाका, म्हणाल्या. टाकली."

तो पुढे म्हणाला, "एक सांगू? त्या हसल्या नाहीत. गरम पाण्याचं ऐकून कोणीही हसलं असतं. आणि बोलत होत्या माझ्याशी, पण बघत होत्या माझ्या मागे, सिंककडे. तिथे कुणी उभं असल्यासारखं. मी वळून बघितलं. कोणी नव्हतं."

सोडणं सोपं गेलं नाही. दोनदा पुन्हा ओढली, दोनदा पुन्हा उलट्या झाल्या, दोनदा सिस्टरांनी तेच वाक्य त्याच आवाजात विचारलं आणि त्यानं खरं सांगितलं. आता सात महिने झाले. चेहऱ्यावर मांस आलंय आणि वळणावर ब्रेक मारताना तो शिट्टी वाजवतो.

बदलीचा अर्ज दिला गेला नाही. फाडलाही नाही. तो ड्रॉवरमध्ये आहे, त्याच्यावर वडिलांची फूटपट्टी ठेवलेली असते. चिलीम त्याच ड्रॉवरमध्ये आहे की नाही ते मी विचारलेलं नाही. सिस्टर अजून थंड पाण्यानंच अंघोळ करतात.

मी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जाते. त्या दार लोटतात, दंडाला पट्टा गुंडाळतात, आकडा लिहितात. आमच्यात आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी पेन खाली ठेवतात आणि विचारतात, "तंबाखू, दारू, गांजा, यातलं काही घेता का?"

"नाही," मी म्हणते.

खरं आहे ते. सुपारीचं खांडसुद्धा नाही. पण माझाच आवाज मी ऐकते, आणि तो हुबेहूब त्या दिवशीचा असतो. तोच सहजपणा, तीच आठी, तेच हलकं हसू. खऱ्यासाठी वेगळा आवाज माझ्याकडे नाही; होता तो सगळा त्या दिवशी वापरून झाला.

सिस्टर लगेच लिहीत नाहीत. मीच शिकवलंय तसं थांबतात, उकळी यायची वाट बघत. नळ गळत असतो. त्या शांततेत मी कान देऊन बसते, पण आता मला कुणी वाक्य पुरवत नाही.

मग त्या माझ्या ओळीपुरती एक छोटी रेघ मारतात, हातानं, जराशी वाकडी.